उठावदार ग्रॅनी स्क्वेअर: पाचव्या फेरीनंतर चौकोनाची वाटी होते आहे

चौकोनी_गुंडी
नमस्कार मंडळी. सिंगल बेडच्या पांघरुणासाठी ग्रॅनी स्क्वेअर (मध्यापासून गोल गोल फेऱ्या वाढवत विणलेला क्रोशाचा चौकोन) विणायला घेतला आहे. तीन-तीन खांबांच्या झुपक्यांचा जाळीदार नको होता, म्हणून भरीव चौकोन, मधे पॉपकॉर्नचे दाणे (एकाच टाक्यात पाच खांब घालून बांधलेला फुगवटा) आणि बाहेर फ्रंट पोस्टच्या (खालच्या खांबाच्या दांड्याभोवती घातलेल्या खांबाच्या) उभ्या रेघा असा बेत आहे. लोकर मध्यम जाडीची अ‍ॅक्रिलिक, क्रोशाची सुई ४.५ मिमी.

पहिली फेरी: मॅजिक रिंगमध्ये (धाग्याच्या आवळता येणाऱ्या फाशात) ३ खांब, २ साखळ्या, असं चार वेळा. बाजूला ३ खांब.
दुसरी: प्रत्येक खांबावर खांब, कोपऱ्यात २ खांब, २ साखळ्या, २ खांब. बाजूला ७.
तिसरी: एक खांब, एक पॉपकॉर्न, असं आलटून पालटून, सुरुवात आणि शेवट खांबाने. बाजूला ३ पॉपकॉर्न, कोपरे धरून ११ टाके.
चौथी: साधी, खांबावर खांब. १५.
पाचवी आणि सहावी: एक फ्रंट पोस्ट, एक साधा खांब. कोपरे वरच्यासारखेच.
सातवी: मुक्या खांबांचा (सुईवर वेढा न घेता घातलेल्या बुटक्या टाक्यांचा) काठ.

चौथ्या फेरीपर्यंत चौकोन टेबलावर सपाट बसतो. पाचवीत बाजूला १८ टाके येतात, सहावीत २१. कडा उचलल्या जातात आणि वाटी होते. शिवाय पाचवीतल्या रेघा सहावीत सरळ वर जात नाहीत, एका टाक्याने सरकतात. सुई मोठी घ्यावी का? की या चौकोनातच काही चूक आहे?

नेढं
चौकोन उत्तम आहे, सुईही बरोबर आहे. टाका हरवतो आहे. भरीव चौकोनात दर फेरीला बाजूच्या दोन्ही टोकांना दोन-दोन खांब वाढतात, म्हणजे चार. आकडे ३, ७, ११, १५, १९, २३ असेच यायला हवेत. तुम्हाला पाचवीत १९ ऐवजी १८ आणि सहावीत २३ ऐवजी २१ येतात, म्हणजे दर फेरीला प्रत्येक बाजूचा एक टाका सुटतो. सहाव्या फेरीच्या शेवटी चार बाजूंचे मिळून आठ टाके कमी. वाटी होणारच.

बाजूचा आकडा कायम विषम राहतो, हे ध्यानात ठेवा. १४, १८ असा सम आकडा दिसला की पुढे न विणता तिथेच थांबायचं. विषम असल्यामुळेच फ्रंट पोस्टने सुरुवात आणि फ्रंट पोस्टनेच शेवट होतो, आणि दोन्ही कोपरे आरशातल्यासारखे दिसतात.

सुटणारा टाका म्हणजे कोपऱ्यानंतरचा पहिला. खांबाचं डोकं (वरची साखळीसारखी कडी) त्याच्या दांड्याच्या नेमकं वर नसतं, उजव्या हाताने विणणाऱ्यांचं किंचित उजवीकडे असतं. कोपऱ्यातले शेवटचे दोन खांब घातले की ते या डोक्यावर झुकतात आणि ते झाकलं जातं. साध्या फेरीत सुईचं टोक तिथे अडखळतं, म्हणून लक्षात येतं. फ्रंट पोस्टच्या फेरीत नजर दांड्यावर असते आणि तो पहिला दांडा कोपऱ्याखाली वाकलेला असतो. म्हणून १५ पर्यंत सगळं ठीक आणि पाचवीत गडबड.

तुळशीबाग_फेरी
+१. कोपऱ्यातले पहिले दोन खांब झाले, दोन साखळ्या झाल्या, की पुढचे दोन खांब घालण्याआधीच पुढच्या बाजूच्या पहिल्या टाक्यात छोटी सेफ्टी पिन अडकवा. मग तो लपू शकत नाही. दहाएक चौकोनांनंतर पिनेची गरज उरत नाही.

डावखुरा
डाव्या हाताने विणणाऱ्यांसाठी भर: आपण फेरी उलट दिशेने नेतो, त्यामुळे डोकं दांड्याच्या डावीकडे झुकतं. पण लपणारा टाका तोच, विणायच्या दिशेने कोपऱ्यानंतरचा पहिला. उजव्या हाताचा व्हिडिओ बघून शिकत असाल तर तो आरशासारखा उलटवून बघा, नाहीतर फ्रंट पोस्टमध्ये सुई कुठून कुठे जाते याचा घोळ होतो.

पिवळी_लोकर
टाका सुटतो हे मान्य, पण सगळा दोष मोजणीचा नाही. फ्रंट पोस्ट दांड्याला विळखा घालतो, म्हणजे खालच्या टाक्याच्या निम्म्या उंचीवरून निघतो आणि शेजारच्या साध्या खांबापेक्षा आखूड पडतो. दोन फेऱ्यांत हा फरक साठत जातो. मी पाचव्या-सहाव्या फेरीला ५ मिमीची सुई घ्यायला सांगेन.

अक्का_विणते
पिवळी, सुई बदलू नकोस असं माझं ठाम मत आहे. मोठ्या सुईने फ्रंट पोस्ट लांबतो, पण मधले साधे खांबही सैल पडतात आणि रेघांच्या दोन्ही बाजूंना भोकं दिसतात. उपाय पहिल्या फाशात आहे. सुईवर एक वेढा घ्यायचा, दांड्याच्या उजवीकडून सुई पुढून मागे घालायची, दांड्यामागून नेऊन डावीकडे पुढे काढायची, धागा पकडून बाहेर आणायचा. हा आलेला फासा शेजारच्या खांबाच्या उंचीइतका, म्हणजे सव्वा सेंमीच्या आसपास, वर ओढून घ्यायचा आणि मगच पुढचे दोन ओढ पूर्ण करायचे. बहुतेक जण फासा जेमतेम अर्धा सेंमी ठेवतात आणि लगेच ओढून टाकतात. तिथेच टाका आखूड होतो.

आणखी एक. फ्रंट पोस्ट झाला की त्याच्या मागचं डोकं रिकामं सोडायचं. पुढचा साधा खांब त्याच्या पुढच्या डोक्यात. हे रिकामं डोकं मागून ठळक दिसतं, आणि नवीन माणूस त्यातही खांब घालतो. मग टाके वाढतात आणि वाटीऐवजी झालर होते.

नेढं
वाटी आणि झालर यांत गल्लत नको, कारणं उलट आहेत. चौकोन टेबलावर ठेवा. मध्य टेकला आणि चारही कडा वर आल्या तर वाटी: घेर कमी पडतो. टाके सुटले, कोपऱ्यात दोनऐवजी एकच साखळी घातली किंवा हात घट्ट पडला. कडा लाटांसारख्या वर-खाली होत असतील तर झालर: घेर जास्त आहे. रिकाम्या डोक्यात खांब गेला, पॉपकॉर्नवर एकाऐवजी दोन टाके पडले, किंवा फ्रंट पोस्ट फार आखूड झाला. आखूड टाक्याने फेरीची उंची घटते पण टाके तेवढेच वाढतात, त्यामुळे कडेला कापड जास्त होतं.

म्हणून पिवळी_लोकर यांचा मुद्दा खरा असला तरी तो झालरीचा आहे, वाटीचा नाही.

पिवळी_लोकर
पटलं. आखूड फ्रंट पोस्ट आणि झालर यांचा संबंध मी उलटा लावत होते. सुईचा सल्ला मागे घेते, फासा लांब ओढणं जास्त बरोबर.

मडगावची_सुई
पॉपकॉर्नच का, बॉबल का नको? बॉबलमध्ये सुई मधे काढावी लागत नाही, काम भराभर होतं.

अक्का_विणते
दोन्हींची घडण वेगळी आहे. बॉबल म्हणजे एकाच टाक्यात पाच अर्धवट खांब. प्रत्येकाचा शेवटचा फासा सुईवर ठेवायचा आणि सहा फासे झाले की एका ओढीत सगळे बंद. त्याचा फुगवटा विणणाऱ्याच्या विरुद्ध बाजूला जातो. चौकोन एकाच बाजूने गोल गोल विणला तर दाणा मागे पडतो, मग बोटाने पुढे ढकलावा लागतो आणि धुतला की परत मागे जातो.

पॉपकॉर्न म्हणजे एकाच टाक्यात पाच पूर्ण खांब. नंतर सुई फाशातून काढायची, पाचांपैकी पहिल्या खांबाच्या डोक्यात पुढून मागे घालायची, सोडलेला फासा पकडून त्यातून ओढायचा आणि एक साखळी घालून दाणा बंद करायचा. सुई पुढून घातली की दाणा पुढेच उभा राहतो आणि तसाच टिकतो. मागून घातली तर मागे जातो.

या चौकोनाला पॉपकॉर्नच योग्य. पाचऐवजी चार खांबांचा केला तरी चालतो. पांघरुणाला तोच बरा, कुशीवर झोपलं की टोचत नाही.

खांबावरची_चिमणी
चार खांबांना माझा विरोध. चारचा दाणा दोन-चार धुण्यांनंतर बसतो आणि नुसता गाठीसारखा दिसतो. पाचचा गोल राहतो. टोचण्याची भीती असेल तर दाणे कमी करा, बारीक करू नका. बाजूला तीनऐवजी मधला एकच ठेवला तरी चौकोन छान दिसतो, कारण चार बाजूंचे चार दाणे मिळून मधे अधिकचं चिन्ह होतं.

आणि पफ टाका कोणी सुचवायच्या आत सांगते: पांघरुणाला पफ नको. त्यात नुसते लांब ओढलेले फासे असतात. बांगडी, जोडवं, पैंजण, लहान मुलाचं बोट, काहीही अडकतं आणि धागा ओढला जातो. उशीच्या अभ्र्याला, टोपीला पफ चालेल.

चौकोनी_गुंडी
बाप रे, किती नेमकं! उसवून परत मोजते आहे. तोवर एक शंका. पॉपकॉर्नवर चौथ्या फेरीतला खांब नेमका कुठे घालायचा? दाण्याच्या डोक्यावर दोन-तीन जागा दिसतात.

नेढं
दाणा बंद करताना जी एक साखळी घातलीत, फक्त तिच्यात. साखळी आणि तिच्या बाजूचा बंद फासा हे दोन वेगळे टाके वाटतात, पण दोन्हींत खांब गेला तर बाजूला तीन टाके जास्त होतात. दाणे विणतानाच ती साखळी जरा सैल ठेवा. घट्ट ठेवली तर पुढच्या फेरीला सुई शिरत नाही आणि दाण्याच्या दोन्ही बाजूंना कापड ओढल्यासारखं दिसतं.

नवखी_साखळी
मधेच विचारते, रागावू नका. तुम्ही सगळे खांब म्हणता तो इंग्रजी कृतींतला डबल क्रोशे की ट्रेबल? दोन व्हिडिओंत दोन नावं ऐकली.

शिकागोची_थंडी
रागावायचं काय, या प्रश्नावर अर्धी दुनिया अडते. धाग्यातला खांब म्हणजे सुईवर एक वेढा घेऊन, दोन-दोन फाशांतून दोनदा ओढून केलेला टाका. अमेरिकेत तो डबल क्रोशे, ब्रिटिश पद्धतीत तोच ट्रेबल. वेढा न घेता घातलेला मुका खांब अमेरिकेत सिंगल क्रोशे आणि ब्रिटनमध्ये डबल क्रोशे. म्हणजे डबल क्रोशे हे एकच नाव दोन वेगळ्या टाक्यांना. ओळखायची खूण: कृतीत कुठेही सिंगल क्रोशे हा शब्द आला तर ती अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत तो शब्दच नाही. आपल्याकडे खांब आणि मुका खांब म्हटलं की प्रश्न मिटतो.

सुयांचंही तसंच. घरातल्या जुन्या सुयांवर मिमीऐवजी नंबर असतात. ब्रिटिश मोजमापात ८ नंबर म्हणजे ४ मिमी, ७ म्हणजे ४.५, ६ म्हणजे ५. नंबर वाढला की सुई बारीक होते.

जाता जाता: या चौकोनाची छापलेली सर्वांत जुनी ज्ञात कृती शिकागोहून निघणाऱ्या प्रेअरी फार्मर या शेतीविषयक नियतकालिकात १८८५ साली आली होती. उरलेल्या लोकरीचे तुकडे संपवायची युक्ती होती ती, आपल्या गोधडीसारखीच. म्हणून मूळ चौकोनात दर फेरीला रंग बदलतो.

तुळशीबाग_फेरी
गोधडीचं नाव निघालं म्हणून रंगाबद्दल. उठाव दिसतो तो सावलीमुळे. गडद निळा, काळा, मरून यांत पॉपकॉर्न आणि रेघा दोन्ही हरवतात. अनेक रंगी मिसळलेली लोकर तर नकोच, डोळा रंगाकडे जातो आणि टाका दिसत नाही. साय, फिकट राखाडी, हळदी, पिस्ता असे एकरंगी घ्या. रंग बदलायचाच असेल तर पाचव्या फेरीला बदला. नव्या रंगाचा फ्रंट पोस्ट जुन्या रंगाच्या दांड्यावर विळखा घालतो, त्यामुळे रेघेचा पाय खालच्या रंगात उतरलेला दिसतो. हा परिणाम साध्या खांबाने येत नाही.

आणि सगळी लोकर एकदम, एकाच लॉट नंबरची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली. पुण्यात बोहरी आळीत काय किंवा कुठेही काय, दोन महिन्यांनी तोच शेड नंबर मागितला तरी लॉट वेगळा निघू शकतो. दोन लॉट घ्यावेच लागले तर अर्धं पांघरूण एकाचं आणि अर्धं दुसऱ्याचं करू नका. चौकोन सरमिसळ करून मांडा, मग फरक जाणवत नाही.

चौकोनी_गुंडी
किती लोकर घ्यावी? पांघरूण ६० बाय ९० इंचांच्या आसपास हवं आहे.

नेढं
मध्यम जाडीच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये ४.५ च्या सुईने हा सात फेऱ्यांचा चौकोन साडेसहा इंच, म्हणजे १६.५ सेंमीच्या जवळपास येतो. आडवे ९ आणि उभे १३ घेतले तर ११७ चौकोन, माप साडेअठ्ठावन्न बाय साडेचौऱ्याऐंशी इंच. चारही बाजूंना सव्वा इंचाचा काठ धरला की ६१ बाय ८७.

वजन माझ्या आकड्यावर ठरवू नका. पाच चौकोन विणा, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एकत्र ठेवा, पाचने भागा. एकेक वजन केलं तर काट्याची ग्रॅमभराची चूक ११७ पट होते. अंदाजासाठी सांगायचं तर एक चौकोन १६ ते १८ ग्रॅम भरतो. १७ धरले तर ११७ चौकोनांना १,९८९ ग्रॅम. जोडणी, काठ आणि टोकं मिळून आणखी २५० धरा. सव्वादोन किलो घ्या, वर एक गुंडी राखीव. झुपक्यांच्या साध्या ग्रॅनीपेक्षा हे बरंच जास्त आहे, कारण प्रत्येक पॉपकॉर्नमध्ये एकाच्या जागी पाच खांब जातात आणि असे बारा दाणे एका चौकोनात.

मडगावची_सुई
गोव्यात, कोकणात राहणाऱ्यांसाठी: सुती धाग्याचा मोह होतो, हवा दमट म्हणून. पण त्याच जाडीचा सुती धागा जड असतो, आणि असं भरीव, दाणेदार पांघरूण स्वतःच्या वजनानेच लांबतं. पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही, दाण्यांच्या पोटात ओल राहते आणि कुबट वास येतो. सुती हवंच असेल तर दाणे काढून नुसत्या रेघा ठेवा आणि आकार मांडीवर घ्यायच्या शालीइतका करा.

शिकागोची_थंडी
इथल्या थंडीला मरिनो लोकर उत्तम, पण बहुतेक वेळा हाताने धुवावी लागते आणि कसर लागते. घरात लहान मूल असेल तर अ‍ॅक्रिलिकच सोयीचं, मशिनमध्ये जातं. बाळासाठी विणणाऱ्यांनी एवढं पाळा: एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या पाळण्यात झोपताना सैल पांघरूण ठेवू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. मांडीवर, बाबागाडीत, कोणाचं लक्ष असताना वापरायला हरकत नाही.

खांबावरची_चिमणी
एका गोष्टीवर कोणीच बोललं नाही. सगळ्या फेऱ्या एकाच बाजूने विणल्या तर चौकोन हळूहळू पीळ घेतो. कोपरे मध्यापासून सरळ बाहेर न जाता पवनचक्कीसारखे तिरपे होतात. नेढं यांनी डोकं दांड्याच्या उजवीकडे असतं म्हटलं, त्याचाच हा परिणाम, दर फेरीला थोडा थोडा साठत जातो. ११७ चौकोन जोडल्यावर सगळं पांघरूण एका बाजूला कललेलं वाटतं.

साध्या चौकोनात उपाय सोपा, दर फेरीनंतर काम उलटवायचं. इथे फ्रंट पोस्ट आहेत, त्यामुळे सरसकट उलटवता येत नाही. पण दुसरी आणि चौथी फेरी साधी आहे, त्या दोन उलट बाजूने विणायच्या. म्हणजे पहिली सुलट, दुसरी उलट, तिसरी पॉपकॉर्नची सुलट, चौथी उलट, मग पाचवी, सहावी, सातवी सुलट. पीळ बराचसा मोडतो. उलटवल्यावर फेरी नेहमी कोपऱ्याच्या भोकातूनच सुरू करा. सुलट फेऱ्यांत फेरी बंद करायचा जोड एकाच कोपऱ्यावर साठू देऊ नका, जागा बदलत राहा.

अक्का_विणते
अगदी बरोबर. चौथी फेरी उलट बाजूने करताना दाणे आपल्या विरुद्ध बाजूला असतात, बंद करणारी साखळी पटकन दिसते. तोही एक फायदा.

फेरीच्या सुरुवातीला पहिल्या खांबाऐवजी घालतात त्या तीन साखळ्यांचंही सांगते. त्या खांबापेक्षा बारीक दिसतात आणि शेजारी फट पडते. दोन साखळ्या घालून त्यांना खांब धरा, किंवा सुईवर गाठीचा फासा घेऊन सरळ खांबानेच फेरी सुरू करा. रंग बदलताना तर दुसरी रीतच चांगली, जोड शोधूनही सापडत नाही.

नवखी_साखळी
माझी मॅजिक रिंग धुतल्यावर सुटते. मधे भोक पडतं.

तुळशीबाग_फेरी
अ‍ॅक्रिलिक गुळगुळीत असतं, एकदा फिरवलेलं टोक त्यात टिकत नाही. शेपूट १५ सेंमी ठेवा. रिंग आवळली की मोठ्या नेढ्याच्या बोथट सुईने ते शेपूट रिंगभोवती त्याच दिशेने दोनदा फिरवा, मग दिशा उलटून एकदा, आणि शेवटी एका खांबाच्या दांड्यातून वर न्या. इतर टोकांनाही तीन दिशा हव्यात. पुढच्या फेरीच्या टाक्यांखाली टोक नुसतं दाबत नेणं पांघरुणाला पुरत नाही. आणि ११७ चौकोनांची टोकं शेवटी एकदम करायची ठरवलीत तर तेच काम महिनाभर पुरेल. प्रत्येक चौकोन संपला की लगेच लपवा.

पिवळी_लोकर
जोडायला काय? मुक्या खांबांनी जोडलं तर वर बांध उभा राहतो, तो या रेघांशी जुळतो असं मला वाटतं.

अक्का_विणते
दिसायला जुळतो, खरं आहे. पण आधीच दाणे आणि रेघा आहेत, त्यात बांधांची जाळी आली की पांघरूण ताठ होतं, अंगाला लपेटत नाही. दोन चौकोन सुलट बाजू वर करून शेजारी ठेवा आणि दोघांच्या समोरासमोरच्या टाक्यांचे फक्त मागचे पदर घेऊन स्लिप स्टिचने (धागा एकाच ओढीत सगळ्यांतून काढलेल्या सर्वांत बुटक्या टाक्याने) जोडा. सपाट बसतं. स्लिप स्टिच ताणत नाही, म्हणून जोडणीला मात्र ५ मिमीची सुई घ्या, नाहीतर जोडाची ओळ आखूड होऊन पांघरूण आवळलं जातं.

आधी सगळ्या आडव्या ओळी पूर्ण जोडायच्या, धागा न तोडता टोकापासून टोकापर्यंत, मग सगळ्या उभ्या. चार कोपरे भेटतात तिथे एक साखळी घालून उडी मारायची. सातव्या फेरीत कोपऱ्यात एक मुका खांब, दोन साखळ्या, एक मुका खांब धरला की बाजूला २३ अधिक २, म्हणजे २५ टाके होतात. २५ ला २५ जुळले पाहिजेत. एक जरी उरला तर तो चौकोन चुकलेला आहे, ओढून बसवू नका.

मडगावची_सुई
माप सारखं असणं किती महत्त्वाचं, याचं मोठं उदाहरण चेन्नईचं. ३१ जानेवारी २०१६ ला मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स या गटाने ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं पांघरूण जोडून गिनेस विक्रम केला. वेगवेगळ्या हातांनी विणलेले तुकडे, प्रत्येकाचं माप ४० इंच बाय ४० इंच. तुकड्यांचं माप फसलं असतं तर काही जुळलं नसतं.

खांबावरची_चिमणी
वा! आणि या धाग्यातल्या साडेसहा इंची चौकोनाचे सहा बाय सहा जोडले तर ३९ इंच, भोवती अर्धा इंच काठ घातला की बरोब्बर ४०. कोणाला ११७ झेपणार नसतील त्यांनी ३६ चौकोनांचं करावं, बाबागाडीला किंवा मांडीवर घ्यायला पुरतं.

नेढं
ब्लॉकिंगबद्दल (चौकोन टाचून, वाफ देऊन मापात बसवण्याबद्दल) एक सावधगिरी. अ‍ॅक्रिलिकवर इस्त्री टेकवायची नाही. उष्णतेने धाग्याची उसळी कायमची जाते, लोकर मेल्यासारखी लुळी पडते आणि दाणे-रेघा चपट्या होतात. ते पुन्हा उठत नाहीत. थर्माकोलवर साडेसहा इंचाचा चौकोन आखा, चौकोन सुलट बाजू वर करून न गंजणाऱ्या टाचण्यांनी कोपरे आणि बाजूंचे मध्य लावा, वाफेची इस्त्री तीनेक सेंमी वर धरून वाफ सोडा, आणि पूर्ण गार होईपर्यंत टाचण्या काढू नका. टाचण्या लोखंडी असतील तर फिकट लोकरीवर तांबूस ठिपके राहतात. ब्लॉकिंगने दोन-तीन मिमीचा फरक सुधारतो, हरवलेला टाका भरून निघत नाही.

डावखुरा
धुण्याचं: मशिनमध्ये जाळीच्या पिशवीत, ३० अंशांवर, हलक्या पिळाईवर. दोरीवर एका टोकाने लटकवू नका. ओलं पांघरूण फार जड होतं आणि रेघा लांबतात. दोन समांतर दोऱ्यांवर झोळीसारखं पसरा किंवा सपाट वाळवा.

चौकोनी_गुंडी
मंडळी, पिन लावून पाचवी आणि सहावी परत विणली. १९ आणि २३ आले, काठाला २५. फासा लांब ओढल्यावर रेघा सरळ वर गेल्या आणि चौकोन टाचण्यांशिवाय सपाट बसतो. माप १६.५ सेंमी, पाच चौकोनांचं वजन ८६ ग्रॅम. दुसरी आणि चौथी आता उलट बाजूने करणार आहे. अक्का, नेढं, चिमणी, सगळ्यांचे मनापासून आभार.

आता शेवटचा प्रश्न. काठातही फ्रंट पोस्टच्या रेघा हव्या आहेत. चौकोन जिथे जोडले जातात तिथे कोपऱ्यांची दोन भोकं येतात. त्यांत किती टाके घ्यायचे?

अक्का_विणते
दोन्ही भोकांत मिळून एकच. पहिल्या भोकात अर्धवट खांब, दुसऱ्या भोकात अर्धवट खांब, मग तिन्ही फासे एकत्र बंद. दोन वेगळे खांब घातलेत तर प्रत्येक जोडापाशी काठ फुगतो.

हिशोब असा. आडव्या बाजूला ९ चौकोनांचे २२५ टाके आणि ८ जोडांचे ८, एकूण २३३. उभ्या बाजूला १३ चौकोनांचे ३२५ आणि १२ जोडांचे १२, एकूण ३३७. काठाची पहिली फेरी साध्या खांबांची करा, कारण मुक्या खांबाचा दांडा आखूड असतो, त्याभोवती विळखा बसत नाही. कोपऱ्यात नेहमीसारखे २ खांब, २ साखळ्या, २ खांब. म्हणजे २३७ आणि ३४१. दोन्ही विषम. दुसरी फेरी फ्रंट पोस्टने सुरू करा, फ्रंट पोस्टनेच संपेल. तिसरी मुक्या खांबांची, ४.५ च्या सुईने, जरा आवळून.

कोपऱ्यानंतरच्या पहिल्या टाक्याला तिथेही पिन लावा. ३४१ टाके परत मोजायला लागू नयेत.